जखम भरते ती घरी

बेळगावहून चोर्ला घाटाकडे निघालेला रस्ता जांबोटीला आला की हवेला रानाचा ओलसर वास येऊ लागतो. गेल्या आषाढात आम्ही तेथे नात्यातील एका घरी गेलो होतो. घरची सून माजघरात खाटेवर होती. येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगितले जात होते, “तिची पाठ धरली आहे.” ते अगदीच खोटे नव्हते. स्तनांच्या अतिभाराने तिची मान, खांदे आणि पाठ वर्षानुवर्षे दुखत असे, पट्ट्यांनी खांद्यांवर वळ पडत, पावसाळ्यात स्तनांखालची त्वचा सोलून निघे. अखेर शहरात जाऊन तिने स्तनांचा आकार कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली होती.

शस्त्रक्रिया उत्तम झाली. नडली ती लपवाछपवी. दहाव्या दिवशी शेजारणी आल्या. त्यांना संशय नको म्हणून ती उठली आणि भरलेली घागर कडेवर घेऊन आत आली. अशी घागर सहज दहा-बारा किलोंची असते. रात्री एका बाजूचे टाके उसवले. पुढे जखम भरली. परंतु एरवी दोन-तीन आठवड्यांत मिटली असती तिला दीड महिना लागला. सासूबाई आम्हांला म्हणाल्या, “घागर तिनं उचलली खरी, पण कुणाला सांगू नको असं मीच म्हटलं होतं.”

या शस्त्रक्रियेला ‘नटवेपणा’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांना एक जुनी गोष्ट सांगावीशी वाटते. ही विद्या आपल्याकडे परकी नाही. टिपूच्या सैनिकांनी नाक कापलेल्या कावसजी नावाच्या मराठी गाडीवानाचे नाक पुण्याजवळ वीटकाम करणाऱ्या जातीतील एका वैद्याने कपाळाच्या कातडीतून पुन्हा घडविले. ती हकीकत 1794 च्या ऑक्टोबरात लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू या शल्यविशारदाने 1814 मध्ये तेथे तशी शस्त्रक्रिया केली. आम्हांला त्या हकीकतीतील शुश्रूषेचा भाग अधिक मोलाचा वाटतो. कातडी बसविण्यासाठी काताचा लेप, चार दिवसांनी तुपात भिजविलेल्या पट्ट्या, रोग्याने पाच-सहा दिवस उताणे पडून राहणे आणि कपाळाशी जोडलेला कातडीचा दुवा पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास कापणे, असा तो क्रम होता. त्या वैद्यालाही कळत होते की कौशल्य शस्त्राचे असले तरी सिद्धी विश्रांतीची असते.

मात्र काताचे आणि तुपाचे दिवस गेले. आता जखमेवर हळद, तूप, राख वा झाडपाला काहीही लावू नये. डॉक्टरांनी सांगेपर्यंत पट्टी कोरडी ठेवावी. जांबोटीसारख्या पावसाच्या मुलखात धुतलेले कपडे दमट राहतात. म्हणून आतले वस्त्र पूर्ण वाळल्याखेरीज अंगावर घालू नये. आधार देणारे, पुढून बंद होणारे अंतर्वस्त्र साधारण सहा आठवडे डॉक्टरांच्या सल्ल्याने रात्रंदिवस वापरावे. चोळीही पुढून हुकांची असावी, म्हणजे हात वर करावे लागत नाहीत. निजताना उताणे, पाठीमागे उशा रचून निजावे. निचऱ्याची नळी बसविलेली असल्यास रोज किती द्रव आला ते लिहून ठेवावे.

पडून राहणे म्हणजे खिळून राहणे नव्हे. दुसऱ्या दिवसापासून घरातल्या घरात थोडे चालावे, त्याने पायांत रक्ताच्या गाठी होण्याचा धोका कमी होतो. परंतु पाणी शेंदणे, पाट्यावर वाटणे, कणीक तिंबणे, मूल उचलणे ही कामे चार ते सहा आठवडे इतरांनी करावीत. आणखी एक गोष्ट आपल्या भागात आवर्जून सांगायला हवी, ती मिश्रीची. तंबाखू दातांना लावली तरी तिच्यातील निकोटिन बारीक रक्तवाहिन्या आकुंचित करते आणि जखमेच्या कडांना रक्त कमी पडते. शस्त्रक्रियेआधी व नंतर निदान चार आठवडे मिश्रीचा डबा घराबाहेर असावा.

एकच बाजू एकाएकी सुजून ताठली, ताप चढला, पू आला, कातडी वा स्तनाग्र काळवंडले, पोटरी सुजली किंवा धाप लागली, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा. सौम्य सूज, बधिरपणा, मुंग्या येणे यांनी मात्र घाबरू नये. आकार स्थिरावण्यास काही महिने आणि व्रण फिके होण्यास वर्षभर लागते. पुढे मूल व्हायचे असेल, तर अंगावर पाजण्यात अडचण येऊ शकते. त्याचा विचार शस्त्रक्रियेआधीच डॉक्टरांशी बोलून करावा.

आम्ही निघालो तेव्हा घागर सासूबाईंच्या कडेवर होती. ओसरीवर आलेल्या शेजारणीला त्या सरळ सांगत होत्या, “सुनेचं ऑपरेशन झालंय. महिनाभर पाणी आम्हीच भरणार.” शेजारीण क्षणभर थबकली आणि म्हणाली, “मग उद्याच्या दोन खेपा माझ्या.” घरोघरच्या वाचकांना आमचे इतकेच सांगणे आहे. दुखणे झाकले की ते एकटीचे होते, सांगितले की त्याला चार हात लागतात.