मधुमेह आणि गुळाच्या चहाचा हिशेब

पाटण तालुक्यात पाहुण्याला ‘चहा घेणार का?’ असे सहसा विचारत नाहीत. कप थेट हातात येतो. सोयरीक असो, दुखवटा असो, नको म्हटले तर घरच्यांना वाईट वाटते. मधुमेह असलेल्याची पंचाईत इथेच होते. भात कमी केला, लाडू सोडले, तरी रिपोर्ट सुधारत नाही, कारण कप मोजलेलेच नसतात. एका कपात दोन छोटे चमचे साखर म्हणजे 8 ते 10 ग्रॅम. दिवसात पाच कप झाले की 40 ते 50 ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये सुचवलेली मर्यादा निरोगी प्रौढांसाठीही शक्यतो दिवसाला 25 ग्रॅमच्या आसपास आहे.

यावर अनेकांनी शोधलेला तोडगा म्हणजे गुळाचा चहा. कोयनाकाठी उसाची शेती, मरळीला साखर कारखाना, शेजारी कऱ्हाडची गुळाची बाजारपेठ. गूळ घरचा वाटतो आणि घरचे ते बाधत नाही अशी समजूत असते. पण गूळही मुख्यतः सुक्रोजच, म्हणजे साखरच. त्यात लोह आणि इतर खनिजे थोडी असतात, मात्र चहात पडणाऱ्या खड्यातून ती नगण्यच मिळतात. रक्तातली साखर वाढायची ती वाढतेच. उलट ‘गुळाचा आहे’ म्हणून दुसरा कप निर्धास्तपणे घेतला जातो, हा खरा धोका. मधाचेही तेच.

पातळ गोड पदार्थाला चावावे लागत नाही, त्यात चोथा नसतो, त्यामुळे साखर झपाट्याने रक्तात उतरते आणि पोट भरल्यासारखेही वाटत नाही. गुहागर-विजापूर रस्त्यावरच्या रसवंतीत थांबून प्यालेल्या 250 मिलिलिटर रसात सुमारे 30 ग्रॅम साखर असते. बाटलीतल्या शीतपेयात 100 मिलिलिटरमागे साधारण 10 ते 11 ग्रॅम. फळांचा ताजा रसही फारसा वेगळा नाही. त्यापेक्षा अख्खे पेरू किंवा संत्रे खाल्लेले बरे.

मग प्यायचे काय? तहानेला पाणीच. जेवणाबरोबर पातळ ताक चांगले, रक्तदाब असेल तर मीठ बेताने. कुंभार्ली घाट चढून येणारे कोकमाचे आगळ पाण्यात घालून, साखरेविना, जिरे लावून प्यावे. बाटलीतले तयार कोकम सरबत मात्र बहुधा पाकातलेच. नाचणीची आंबील पौष्टिक खरी, पण ती पेय नव्हे, जेवण आहे: वाटीभर आंबील घेतली की तेवढी भाकरी कमी. शहाळ्याच्या पाण्यातही साखर असते, आणि मूत्रपिंडाचा विकार असेल तर त्यातले पोटॅशियम त्रास देऊ शकते, तेव्हा डॉक्टरांना विचारूनच. चहा सोडायची गरज नाही. साखर आठवड्याला अर्धा चमचा कमी करत गेले तर जीभ रुळते, आणि गावात चार ठिकाणी ‘आमच्याकडे बिनसाखरेचा’ असे आधीच सांगून ठेवले की रुसवाही होत नाही.

एक प्रसंग मात्र असा, जिथे साखरच औषध ठरते. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन, न्याहारी न करता शेतात गेलेल्या माणसाची साखर 70 मिलिग्रॅमच्या खाली जाऊ शकते. दरदरून घाम, थरथर, छातीत धडधड, बोलण्यात गोंधळ ही लक्षणे. अशा वेळी बिनसाखरेचा चहा देऊन काहीच उपयोग नसतो आणि गोड दुधाचा चहा सावकाश काम करतो. तीन-चार छोटे चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यावी, 15 मिनिटांनी साखर तपासावी, कमीच असेल तर पुन्हा द्यावी आणि मग भाकरी खायला लावावी. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये. 108 ला फोन करून रुग्णवाहिका मागवावी. डोंगरातल्या वाड्यांवर गाडी पोहोचायला वेळ लागतो, म्हणून शेतात निघताना खिशात साखरेची पुडी असावी आणि ती कशासाठी आहे हे सोबतच्या माणसाला ठाऊक असावे.