डोळा फिरतो, मग जग का फिरत नाही?

हे पान बाजूला ठेवून प्रथम एक साधा प्रयोग करा. आरशासमोर उभे राहा. आरशातील आपल्या डाव्या डोळ्याकडे पाहा, मग उजव्याकडे, पुन्हा डाव्याकडे. डोळे हलताना दिसले का? नाही दिसणार. शेजारी धाकटी बहीण उभी असेल तर तिला मात्र ते स्वच्छ हलताना दिसतील.

डोळे असे हलवावे का लागतात? दृष्टिपटलावरचा अगदी लहानसा भागच बारकावे टिपू शकतो. हात लांब करून अंगठा धरा. त्याचे नख जेवढे दिसते साधारण तेवढीच जागा आपल्याला एका वेळी स्पष्ट दिसते. म्हणून डोळा सतत उड्या घेत असतो, सेकंदाला सुमारे तीन. हे वाक्य वाचतानाही तुमची नजर ओळीवरून घसरत नसून टप्प्याटप्प्याने उडत आहे.

आता खरे कोडे. प्रत्येक उडीत दृष्टिपटलावरची सारी प्रतिमा सरकते. कॅमेरा असा झटक्याने फिरवला तर चित्र फरकटून निघेल. मग आपल्याला खोली स्थिर कशी दिसते? मेंदूला प्रतिमेचे सरकणे कळतच नाही असे म्हणावे, तर दुसरा प्रयोग करा. हात धुऊन, डावा डोळा झाकून, उजव्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापाशी पापणीवरून बोटाने अगदी हलकेच दाबा. भिंत सरकली ना? डोळा या वेळीही हललाच, प्रतिमाही सरकली. पण आता जग हलले. सापेक्ष गती शिकलेल्या विद्यार्थ्याला यातील अडचण लगेच कळेल. नुसत्या प्रतिमेवरून डोळा हलला की भिंत हलली हे ठरवता येत नाही. त्यासाठी आणखी एक माहिती हवी.

ती कोठून येते? कचेरीतून पत्र बाहेर जाते तेव्हा त्याची स्थळप्रत फाइलला लागते. त्याचप्रमाणे मेंदू डोळ्याच्या स्नायूंना हुकूम पाठवतो तेव्हा त्याची एक प्रत आपल्याच दृष्टिविभागासाठी ठेवतो. बोटाने डोळा ढकलला तर हुकूमच निघालेला नसतो, म्हणून प्रतही नसते, आणि मेंदू प्रतिमेचे सरकणे भिंतीच्या खाती टाकतो. ही कल्पना १९५० मध्ये जर्मनीत फॉन होल्स्ट व मिटेलश्टेट यांनी आणि अमेरिकेत रॉजर स्पेरी यांनी स्वतंत्रपणे मांडली. स्पेरींनी माशाचा डोळा शस्त्रक्रियेने उलटा फिरवला होता. तो मासा गोल गोल फिरतच राही. जणू त्याची स्थळप्रत आणि दिसणारे दृश्य यांचा हिशेब कधीच जुळत नव्हता.

कल्पना सुंदर, पण मेंदूत ही प्रत नेणारी तार कोठे आहे? हुकूम देणारी एक जागा कपाळामागे आहे. तेथे सौम्य विद्युत्प्रवाह दिला की माकडाचे डोळे विरुद्ध बाजूला वळतात, हे डेव्हिड फेरियर यांनी इंग्लंडमध्ये १८७० नंतरच्या दशकातच पाहिले होते. हिला आपण ललाट-नेत्रक्षेत्र म्हणू. दुसरी जागा खूप खाली, मध्यमेंदूच्या पाठीवरील दोन लहान उंचवट्यांत. या उंचवट्यांचे वरचे थर थेट दृष्टिपटलाकडून बातमी घेतात आणि खालचे थर उडीचा हुकूम देतात. एकाच गावाचे दोन नकाशे एकावर एक ठेवावेत तशी ही मांडणी आहे.

तार सापडली ती २००२ मध्ये. मार्क सॉमर व रॉबर्ट वुर्ट्झ यांनी दाखवले की उंचवट्यांतून एक वाट थॅलॅमसमार्गे वर ललाट-नेत्रक्षेत्राकडे जाते. अंधारात दोन ठिपके क्षणभर दाखवायचे आणि माकडाने पाठोपाठ दोन उड्या घ्यायच्या. पहिल्या उडीने डोळा कोठे पोचला हे ठाऊक असेल तरच दुसरी नेमकी पडते. औषधाने थॅलॅमसमधील ते ठाणे तात्पुरते बंद केले. पहिली उडी बरोबर पडली. दुसरी मात्र चुकू लागली, आणि चूक त्याच दिशेची, जी पहिल्या उडीची खबर न पोचल्यास अपेक्षित होती!

याहून नवल पुढेच आहे. ललाट-नेत्रक्षेत्रातून तंतू डोक्याच्या मागील दृष्टिक्षेत्रांकडे जातात, तेथूनही उलट येतात. २००३ मध्ये टिरिन मूर व कॅथरीन आर्मस्ट्राँग यांनी या क्षेत्राला इतका क्षीण प्रवाह दिला की डोळा जागचा हलला नाही. तरीही, डोळा ज्या ठिकाणी वळला असता त्याच ठिकाणची वस्तू पाहणाऱ्या मागील पेशी अधिक जोमाने उत्तर देऊ लागल्या. वर्गात फळ्याकडे नजर ठेवून खिडकीबाहेर लक्ष देणे आपल्याला जमते, त्यामागे हाच मार्ग असावा. (शिक्षकांनी सावध असावे!)

आरशातले हलते डोळे न दिसण्यात स्थळप्रतीचा वाटा किती, आणि उडीच्या आधीच्या व नंतरच्या स्पष्ट चित्रांनी मधले पुसट चित्र झाकून टाकण्याचा किती, यावर मात्र अजून वाद आहे.

शेवटी एक प्रयोग तुमच्यासाठी. उजेड असलेल्या खिडकीकडे (सूर्याकडे कधीही नव्हे) थोडा वेळ टक लावून पाहा आणि अंधाऱ्या खोलीत जा. डोळ्यांपुढे खिडकीचा ठसा तरंगेल. डोळे फिरवा, ठसा त्यांच्याबरोबर फिरेल. आता डोळे न फिरवता, मघासारखे पापणीवरून हलकेच दाबा. ठसा जागचा हलत नाही. दोन्ही वेळा दृष्टिपटलावर तो एकाच जागी होता. मग फरक का पडला, हे वहीत आकृती काढून लिहा.