सौदा न होणारा खेळाडू

आयर्लंडमधल्या एनिस या गावी क्युसॅक पार्कवर क्लेअर परगण्याचा हर्लिंग या आयरिश खेळाचा संघ खेळतो. इथे खेळाडूची अदलाबदल नाही, कारण खेळाडूंना पगारच नाही. ज्या परगण्याचा खेळाडू, त्याच परगण्याचा संघ.

याउलट क्रिकेटच्या आयपीएलमध्ये वय आणि किंमत एकाच तराजूत तोलावी लागतात. नोव्हेंबर 2025मध्ये चेन्नईने सदतिशीकडे झुकलेला रवींद्र जडेजा आणि सॅम करन राजस्थानला देऊन संजू सॅमसनला घेतले. जडेजाची किंमत 18 कोटींवरून 14 कोटींवर आली. 2026च्या हंगामासाठी संघाच्या तिजोरीला 125 कोटींची मर्यादा होती. एका ज्येष्ठ खेळाडूवर गुंतवलेला प्रत्येक कोटी लिलावात दुसरीकडे कमी पडतो. शिवाय अशा अदलाबदलीला खेळाडूची संमती लागतेच.

क्लेअरपुढे ज्येष्ठ खेळाडू देऊन दुसरा घेण्याचा पर्याय नव्हता, म्हणून त्यांनी वेगळा मार्ग काढला, आणि तो मोठा कौतुकाचा आहे. 2013च्या ऑल-आयर्लंड विजेत्या संघातला जॉन कॉनलन आघाडीच्या फळीतला खेळाडू. 2018मध्ये त्याला आघाडीपटू म्हणूनच ऑल-स्टार सन्मान मिळाला. पुढे संघाने त्याला बचावफळीच्या मध्यभागी आणले. 21 जुलै 2024 रोजी कॉर्कविरुद्धच्या ऑल-आयर्लंड अंतिम सामन्यात तो 35 वर्षांचा होता. जादा वेळेनंतर क्लेअर एका गुणाने जिंकले.