समुद्र समजून घेताना : भाग ९ – डुमसचा चिखल

सुरतेतल्या मराठी माणसाचं तापीशी जुनं नातं आहे. लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा या वस्त्यांतली कितीतरी कुटुंबं जळगाव, धुळे, नंदुरबारकडून आलेली. गावाकडे भुसावळला किंवा प्रकाशाला जी नदी पाहिली, तीच इथे येऊन समुद्राला मिळते. रविवारी डुमसला जायचं, टोमॅटोची भजी खायची आणि पाण्याकडे बघून म्हणायचं, हा कसला समुद्र! काळी वाळू, मातकट पाणी, आणि ओहोटी असेल तर पाणीसुद्धा नाही, नजर पोचेल तिथवर चिखल. गेल्या भागात कच्छच्या आखातातल्या प्रवाळांविषयी वाचलेल्यांना ही तक्रार आणखीच पटेल.

पण सागरी जीवशास्त्राचा पसारा केवढा आहे हे दाखवायचं तर मी प्रवाळ सोडून हा चिखलच निवडेन. स्वच्छ पाण्यात डोकं घातलं की मासे दिसतात. इथे काहीच दिसत नाही, त्यामुळे प्रत्येक गोष्ट शोधायला वेगळं शास्त्र हाताशी घ्यावं लागतं.

पहिलं शास्त्र भौतिकाचं. खंभातचं आखात दीव ते दमण असं मोजलं तर सुमारे १९० किलोमीटर रुंद आहे आणि आत जाता जाता ते जेमतेम २४ किलोमीटरवर येतं. नरसाळ्यात पाणी ओतावं तशी भरती या निमुळत्या जागेत चेपली जाते आणि वर चढते. भावनगरला उधाणाच्या भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरच्याही वर जातो. भावनगरजवळच्या अलंगला जहाजं फोडण्याचा धंदा १९८३ पासून उभा राहिला तो याच पाण्याच्या जोरावर. मोठ्या भरतीला जहाज थेट किनाऱ्यावर चढवायचं आणि ओहोटीला कोरड्यात कापायचं. एवढं पाणी दिवसातून दोनदा आत-बाहेर करतं, तेव्हा तापी, नर्मदा, मही, साबरमती यांनी आणलेला गाळ खाली बसायला फुरसतच मिळत नाही. सुरतेचं पाणी मातकट आहे ते मुख्यतः यामुळे. शहराची आणि कारखान्यांची घाण आहेच, पण हा रंग तिचा नव्हे.

गाळ तरंगत राहिला की ऊन खोल जात नाही, आणि ऊन नाही तर पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पतींची वाढ खुंटते. मग इथले जीव जगतात कशावर? बरंचसं उत्तर तळाशी आहे. तिवरांची कुजलेली पानं, नद्यांनी आणलेला पालापाचोळा, त्यावर पोसलेले जिवाणू, आणि ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलावर उन्हात भराभर वाढणारी डायॅटम या सूक्ष्म शेवाळाची तपकिरी साय. हे सगळं खाणारे किडे, शिंपले, खेकडे चिखलात राहतात. त्यांचा अभ्यास करणारी शाखा म्हणजे तळजीवशास्त्र. काम दिसायला साधं. ठरावीक आकाराचा चिखल उचलायचा, अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून धुवायचा, उरलेलं रसायनात टिकवायचं, गुलाबी रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचं. खरी कसोटी पुढे लागते. दोन खंडयुक्त किडे शेजारी ठेवले तर ते एकाच जातीचे की वेगळे, हे त्यांच्या केसांसारख्या काट्यांवरून ठरवावं लागतं, आणि ती नजर यायला वर्षं जातात. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले डॉ. बबन इंगोले यांनी किनाऱ्यापासून खोल समुद्रापर्यंत याच तळजीवांवर काम केलं. अशा माणसांची गरज रासायनिक चाचण्यांनी भागत नाही. पाण्याचा नमुना तो घेतला त्या क्षणाचंच सांगतो. चिखलातला किडा कुठे जाऊ शकत नाही, त्यामुळे तो मागच्या कित्येक महिन्यांचं सांगतो. कॅपिटेला नावाचा किडा एकदम माजला आणि बाकीचे नाहीसे झाले, तर तिथे सेंद्रिय घाण साचतेय असं जाणकार ओळखतात. हिवाळ्यात या चिखलावर उतरणारे पाणपक्षीही हेच किडे टिपायला आलेले असतात.

या चिखलाचा खरा मानकरी मात्र निवटी. दक्षिण गुजरातेत याला लेवटा म्हणतात आणि आवडीने खातात. डोळे डोक्याच्या वर, पुढच्या परांवर सरपटत चालणारा, मधूनच उडी मारणारा हा मासा पाण्याबाहेर तासन् तास राहतो. ओल्या कातडीतून आणि तोंडाच्या आतल्या अस्तरातून तो हवेतला प्राणवायू घेतो. इथल्या निवट्यांपैकी बोलिओफ्थाल्मस चिखलावर डोकं डाव्या-उजव्या बाजूला फिरवत डायॅटमची साय खरवडून खातो. पण अंडी घालायची वेळ आली की पंचाईत होते. बीळ चिखलात, आणि बिळातल्या पाण्यात प्राणवायू जवळजवळ नसतो. जपानचे आत्सुशी इशिमात्सु आणि त्यांचे सहकारी यांनी १९९८ मध्ये ‘नेचर’मध्ये मलेशियातल्या एका निवटीविषयी लिहिलं : ती तोंडात हवा भरून बिळात नेते आणि तिथे साठवते. पुढे २००७ मध्ये जपानमधल्या दुसऱ्या जातीविषयी त्यांनी आणखी गंमत दाखवली. अंडी हवेच्या त्या कोठडीत वाढतात, आणि पिल्लं बाहेर पडायच्या वेळी बाप तोंडानेच हवा बाहेर काढून कोठडीत पाणी भरू देतो. पाणी लागलं की अंडी फुटतात. हे मोजायला बिळात नळ्या आणि छोटे कॅमेरे घालावे लागले. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातल्या प्राणिशास्त्रज्ञांनी जंबुसरजवळच्या कंबोईच्या चिखलात निवट्यांचा अभ्यास केला आहे. या माशाला आपल्या ताटाबाहेर जरा आणखी मान मिळायला हवा, असं माझं मत आहे.

चिखलाच्या पुढे डोल लागते. वसईपासून जाफराबाद-नवाबंदरपर्यंत कोळी आणि खारवा लोक हे पिशवीसारखं जाळं भरतीच्या ओघात तोंड करून रोवतात. पाणीच मासे आत ढकलतं, ओघ फिरायच्या आत जाळं ओढायचं. बोंबील आणि जवळा यातच मिळतात. बोंबील जवळा खातो, आणि भूक लागली तर स्वतःची पिल्लंही. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेचे एस. व्ही. बापट यांनी १९७० मध्ये बोंबलावर अख्खी पुस्तिका लिहिली. बोंबलाचं कोडं असं की तो गुजरात-महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर भरपूर, रत्नागिरीच्या खाली विरळ होत नाहीसा, आणि पुन्हा थेट बंगालच्या बाजूला. त्याला शास्त्रीय नाव मिळालं तेही मुंबईत नव्हे. फ्रान्सिस हॅमिल्टनने १८२२ मध्ये गंगेतल्या माशांवरच्या ग्रंथात त्याची नोंद केली. गढूळ, कमी खारं, जोरदार भरतीचं पाणी जिथे, तिथे बोंबील, हे एक उत्तर. दोन्हीकडचे बोंबील एकमेकांचे किती जवळचे, हे सांगायला आता जनुकशास्त्रज्ञ लागतात.

तापीची गोष्ट इथेच येते. पाला, म्हणजे बंगाल्यांचा हिलसा, समुद्रात वाढतो आणि पावसाळ्यात अंडी घालायला नदीत चढतो. खंभातच्या आखातात नर्मदेच्या आणि तापीच्या मुखाशी त्याची मासेमारी जुनी. १९७२ मध्ये उकाई धरण पुरं झालं, आणि १९९५ मध्ये शहराच्या गोड्या पाण्यासाठी सिंगणपोरचा कॉजवे बांधला गेला. भरतीचं पाणी आता त्या बंधाऱ्याशी थांबतं. मग पाला आता कुठवर चढतो, हे कळावं कसं? माशाच्या कानात एक लहानसा खडा असतो, त्याला ऑटोलिथ म्हणतात. त्यात थरावर थर चढतात, आणि खारं पाणी असेल तर त्या थरात स्ट्रॉन्शियम जास्त, गोडं असेल तर कमी. त्यामुळे एका खड्यावरून मासा कोणत्या वयात कुठे होता हे वाचता येतं. म्हणजे पाल्याचं आयुष्य समजायला रसायनशास्त्र हवं, धरणातून कधी किती पाणी सुटलं याचा जलसंपदा खात्याचा हिशेब हवा, आणि जाळं टाकणाऱ्याची आठवणही हवी.

किनाऱ्यापासून दूर गेलं की साधनं पुन्हा बदलतात. १९९९ मध्ये इस्रोने ओशनसॅट-१ सोडला तो समुद्राचा रंग पाहायला. पाण्यातल्या हरितद्रव्यावरून आणि तापमानावरून मासे कुठे असतील याचा अंदाज हैदराबादची इन्कॉइस ही संस्था मच्छीमारांना देते. खंभातच्या तोंडाशी मात्र हे तंत्र अडखळतं, कारण उपग्रहाला गाळ आणि हरितद्रव्य नीट वेगळं करता येत नाही. उत्तर अरबी समुद्रात हिवाळ्यात नॉक्टिल्युका नावाच्या सूक्ष्मजीवाचे हिरवे थर पसरतात. खालच्या थरातलं कमी प्राणवायूचं पाणी वर आल्याने ते वाढले, असं मूळच्या गोव्याच्या हेल्गा गोम्स आणि जोकिम गोएस यांनी २०१४ मध्ये मांडलं. इन्कॉइसच्या अनीश लोटलीकर यांच्या गटाने २०१८ मध्ये दाखवलं की त्यांनी पाहिलेल्या थरांचा कमी प्राणवायूशी संबंध नव्हता. वाद मिटलेला नाही, आणि तो मिटवायला दोन्हीकडून जहाजांवरच्या नोंदीच आणाव्या लागतील.

सुरतेच्या आसपास माणसं आणि संस्था कमी नाहीत. वीर नर्मद दक्षिण गुजरात विद्यापीठात जलजीवशास्त्राचा विभाग आहे. ओलपाड-चोर्यासीच्या कोळंबी तलावांना उपयोगी पडणारं खाऱ्या पाण्यातल्या मत्स्यशेतीच्या केंद्रीय संस्थेचं केंद्र नवसारीला आहे. आखातापलीकडे भावनगरला १९५४ पासून मीठ आणि सागरी रसायनांची केंद्रीय संस्था शेवाळांवर आणि खाऱ्या चिखलातल्या वनस्पतींवर काम करते. अभ्यासायला किनाराही आहे : तिवरांच्या क्षेत्रात पश्चिम बंगालनंतर गुजरातचाच क्रमांक. २०२१ च्या वनसर्वेक्षणात ते ११७५ चौरस किलोमीटर होतं, महाराष्ट्रात ३२४.

खोट आहे ती वेगळीच. हजिऱ्यासारख्या उद्योगपट्ट्यांत प्रकल्प येतो तेव्हा परवानगीसाठी पर्यावरणाचा अहवाल करावा लागतो, आणि २००६ च्या अधिसूचनेनुसार त्यासाठी बऱ्याचदा पावसाळा सोडून एकाच ऋतूच्या नोंदी पुरतात. तापी आपला बहुतेक गाळ आणि गोडं पाणी पावसाळ्यातच आणते, पाला त्याच दिवसांत वर येतो. तोच काळ वगळून केलेला अभ्यास तापीच्या मुखाचा अभ्यास मानायला मी तयार नाही. एकाच जागेचा चिखल दर महिन्याला, पावसाळ्यासकट, दहा-वीस वर्षं चाळणारं एक ठाणं डुमसजवळ असावं. खर्च फार नाही. चाळणी, सूक्ष्मदर्शक आणि किडे ओळखणारी दोन माणसं, एवढ्यावर सुरुवात होते. महापालिका मराठी शाळाही चालवते. तिथल्या मुलांना त्या ठाण्यावर न्यायला कुणाची हरकत नसावी.

तोवर वाचकांनी आपल्यापुरतं एवढं करावं. अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांत, ओहोटीची वेळ आधी बघून, डुमसला जावं. भरती-ओहोटीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, हे ध्यानात ठेवा. काठावरूनच पाहा, मुलांना चिखलात आत सोडू नका. इथलं पाणी परत येतं ते माणसाच्या चालीपेक्षा वेगानं. पुढच्या भागात तिवरांच्या मुळांकडे वळू.