पारोचा विमानतळ रात्री का झोपतो?

भूतानची तिकिटं बघायला बसलात की एक गोष्ट लगेच लक्षात येते. बहुतेक विमानं सकाळची. दुपारनंतर तुरळक, आणि अंधार पडल्यावर काहीच नाही. देशाचा मुख्य आंतरराष्ट्रीय विमानतळ, आणि संध्याकाळी कुलूप? बरेच जण म्हणतात, छोटा देश आहे, आरामात चालतं सगळं. तसं अजिबात नाही.

आधी थोडं मागे जाऊ. १९५८ साली पंडित नेहरू भूतानला गेले, तेव्हा तिथे विमान तर सोडाच, मोटारीचा रस्ताही नव्हता. नाथू ला ओलांडून, तिबेटच्या चुंबी खोऱ्यातून, घोड्यांवर आणि याकवर बसून ते पारोला पोहोचले. भारताचे पंतप्रधान, आणि प्रवास कित्येक दिवसांचा! १९६१ मध्ये आपल्या सीमा सडक संघटनेचा ‘दंतक’ प्रकल्प तिथे रस्ते बांधू लागला. त्याच संघटनेने १९६८ मध्ये पारोच्या खोऱ्यात नदीकाठी एक धावपट्टी तयार केली. सुरुवातीला तिथे गरजेपुरती भारतीय सैन्याची हेलिकॉप्टरं उतरत. ड्रुक एअर ही सरकारी कंपनी १९८१ ची, आणि तिचं पहिलं विमान उडालं फेब्रुवारी १९८३ मध्ये, पारो ते कलकत्ता. अठरा आसनांचं डॉर्नियर! एसटीच्या अर्ध्या गाडीइतकी माणसं. १९८८ मध्ये जेट आलं, २००४ मध्ये एअरबस ए३१९.

आता मुद्द्याचं. पारोची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे २,२०० मीटर उंचीवर आहे आणि भोवतालचे डोंगर साडेपाच हजार मीटरपर्यंत चढत जातात. मोठ्या विमानतळांवर धुक्यातही विमान उतरतं, कारण जमिनीवरून येणारे रेडिओ संकेत त्याला सरळ रेषेत धावपट्टीवर आणून सोडतात. पारोत सरळ रेषाच नाही, मध्ये डोंगर आहेत. वैमानिकाला खोऱ्याच्या वळणांतून, उतारावरची घरं आणि कडे डोळ्यांनी बघत विमान वळवत आणावं लागतं. धावपट्टी समोर दिसते ती अगदी शेवटच्या वळणानंतर. त्यासाठी वेगळं प्रशिक्षण लागतं आणि ते पूर्ण केलेले वैमानिक मोजकेच आहेत. दिसलं तर उतरायचं, नाही दिसलं तर परत फिरायचं. म्हणून रात्र नाही.

आणि दुपार का नाही? वारा. सकाळी खोरं शांत असतं. ऊन चढलं की डोंगरउतार तापतात, तिथली गरम हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला खालून खोऱ्यात वारा घुसतो. दुपारी तो झोतांनी, हेलकावे देत येतो. अरुंद खोऱ्यात वळण घेणाऱ्या विमानाला हे झोत परवडत नाहीत.

त्यात हवा विरळ. या उंचीवर तिची घनता समुद्रसपाटीच्या साधारण ८० टक्के असते. पंखांना तेवढाच आधार हवा, तर विमानाला जास्त वेगाने यावं लागतं. मुंबईत ताशी २४० किलोमीटरने टेकणारं विमान इथे २६५ च्या पुढे असतं. पुन्हा धावपट्टी जेमतेम सव्वादोन किलोमीटर, मुंबईची मुख्य धावपट्टी साडेतीनच्या आसपास. इंजिनांचा जोरही इथे कमी पडतो, म्हणून मोठी विमानं पारोत येत नाहीत.

तेव्हा ‘विमान आज नाही, उद्या’ असं सांगितलं की काउंटरवर आवाज चढवू नका. खोऱ्यात ढग भरले की वैमानिक बागडोगऱ्याला किंवा कोलकात्याला उतरून वाट बघतो, आणि त्याने वाट बघावी हेच आपल्याला हवं असतं. परतीच्या दिवशी दिल्ली किंवा कोलकात्याहून लगेच पुढचं विमान घेऊ नका. मध्ये एक मुक्काम ठेवा. तिकिटाचे पैसे बुडण्यापेक्षा हॉटेलचं बिल स्वस्त पडतं.

आता आसामच्या सीमेलगत, सपाटीवरच्या गेलेफूला नवा आंतरराष्ट्रीय विमानतळ उभारण्याचं काम भूतानने हाती घेतलं आहे. जागा तिथेच का निवडली, हे आता वेगळं सांगायला नको. पारोला मात्र एकदा तरी विमानाने जा. जाताना डावीकडची खिडकी मागा, हिमालयाची रांग त्याच बाजूला दिसते.