फुप्फुसाच्या कर्करोगाचे खोड आणि फांद्या

कर्करोगाची गाठ म्हणजे एकसारख्या बिघडलेल्या पेशींचा गोळा, अशी सर्वसाधारण समजूत आहे. गाठीचा लहानसा तुकडा तपासला की संपूर्ण गाठीचे स्वरूप कळले, असेही त्यामुळे वाटते. फुप्फुसाच्या कर्करोगावरील अलीकडच्या संशोधनाने ही समजूत अपुरी ठरविली आहे. एकाच रुग्णाच्या एकाच गाठीत निरनिराळ्या भागांतील पेशींमध्ये निरनिराळे जनुकीय बदल आढळतात.

हे बदल होतात कसे? पेशीचे सर्व व्यवहार तिच्यातील डीएनएवर नोंदलेल्या आज्ञांनुसार चालतात. तंबाखूच्या धुरातील बेंझोपायरीनसारखी रसायने डीएनएला चिकटतात व त्यामुळे पेशीविभाजनाच्या वेळी आज्ञांची नक्कल चुकते. अशा चुका बहुधा निरुपद्रवी असतात. परंतु पेशींच्या वाढीवर नियंत्रण ठेवणाऱ्या जनुकांत त्या साचल्या की पेशी बेबंद वाढू लागते. तिच्या वंशजांत पुढे नवे बदल होतात आणि जी पेशी अधिक चिवट, तिचा वंश वाढतो. कर्करोग हा अशा प्रकारे उत्क्रांत होत जातो, हा विचार अमेरिकी शास्त्रज्ञ पीटर नॉवेल यांनी १९७६ मध्ये मांडला होता.

त्याची फुप्फुसाच्या कर्करोगात सविस्तर पडताळणी करण्यासाठी ब्रिटनमध्ये प्रा. चार्ल्स स्वॉन्टन यांच्या नेतृत्वाखाली २०१४ मध्ये 'ट्रेसर-एक्स' हा प्रकल्प सुरू झाला. शस्त्रक्रियेने काढलेल्या गाठींच्या अनेक भागांतील डीएनए त्यात स्वतंत्रपणे वाचण्यात आला. पहिल्या १०० रुग्णांचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांवरून गाठीचा इतिहास एखाद्या वृक्षासारखा रेखाटता आला. आरंभी झालेले बदल हे वृक्षाचे खोड होय. ते गाठीच्या सर्व पेशींत असतात. नंतरचे बदल या फांद्या. त्या काही भागांपुरत्याच असतात. ज्या गाठींत गुणसूत्रांच्या संख्येत व रचनेत भागाभागांनुसार फार तफावत होती, त्या रुग्णांना रोग उलटण्याचा व मृत्यूचा धोका अधिक असल्याचे दिसून आले.

उपचारांतील एक मोठी अडचण यामुळे उलगडते. काही रुग्णांच्या गाठीत 'ईजीएफआर' या जनुकातील बदल खोडातच असतो. धूम्रपान न करणाऱ्या आशियाई रुग्णांत त्याचे प्रमाण विशेष आहे. जेफिटिनिबसारख्या गोळ्यांनी अशी गाठ आकसते. परंतु बहुतेक रुग्णांत काही काळाने ती पुन्हा वाढू लागते. त्याच जनुकात आणखी एक बदल झालेल्या पेशी औषधाला दाद देत नाहीत व त्यांचीच फांदी फोफावते, असे २००५ मध्ये आढळून आले. त्या बदलावर चालणारे ओसिमर्टिनिब हे औषध अमेरिकेत २०१५ मध्ये मंजूर झाले. तथापि कालांतराने त्यालाही न जुमानणाऱ्या पेशी निर्माण होतात. रोग जितका लवकर हाती लागेल, तितक्या फांद्या कमी, हे यावरून लक्षात येईल.

या दृष्टीने ग्रामीण भागात एक सावधगिरी आवश्यक आहे. दीर्घकाळचा खोकला, थुंकीतून रक्त आणि वजनातील घट ही क्षयरोगाची लक्षणे याही रोगात दिसतात. क्षयरोगाच्या उपचारांनी गुण येत नसेल, तर कर्करोगाच्या तपासणीस विलंब करू नये. कधीही धूम्रपान न केलेल्यांनाही हा रोग होतो, याचाही विसर पडू नये.

धूम्रपान करणाऱ्यांच्या गाठीत मात्र तंबाखूने केलेले बदल मुख्यत्वे खोडात आढळतात. म्हणजे रोग प्रकट होण्याच्या कित्येक वर्षे आधी त्याचा पाया घातला गेलेला असतो. आशेची बाब अशी की, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, धूम्रपान सोडलेल्यांच्या श्वासनलिकांत जवळजवळ निर्दोष डीएनए असलेल्या पेशींचे प्रमाण, धूम्रपान चालू ठेवणाऱ्यांच्या तुलनेत बरेच अधिक आढळले. विडी सोडण्यास उशीर झाला, असे म्हणण्याचे कारण उरत नाही.

शाळेपासून १०० यार्डांच्या आत, तसेच १८ वर्षांखालील मुलांना तंबाखूजन्य पदार्थ विकण्यास २००३ च्या कायद्याने बंदी केली आहे. शिक्षक व पंचायत सदस्यांनी तिच्या अंमलबजावणीकडे जातीने लक्ष दिले, तर या विषवृक्षाचे खोड रुजण्यापूर्वीच रोखता येईल. फांद्यांमागे धावणाऱ्या कोणत्याही औषधाला हे साधणारे नाही.