माळावरची सहा कोकरं

“सहा कोकरं नेली यंदा लांडग्यानं,” चौसाळ्याजवळच्या माळावर मेंढरं राखणारे मामा सांगत होते, पण आवाजात राग नव्हता. सहा कोकरं म्हणजे अशा घरात कित्येक महिन्यांचा किराणा. एवढं सोसून हा माणूस शांत कसा, हे समजून घ्यायला मी पौषात त्यांच्या मेंढरांमागं माळावर गेलो.

बीडहून सोलापूरकडं जाताना चौसाळा लागतं. सह्याद्रीपलीकडचा हा मुलूख पर्जन्यछायेतला. वर्षाकाठी सरासरी ६५० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही लहरी. राजस्थानातली वाळू इथं नाही, पण बालाघाटाच्या पठारावरचा मुरूम उन्हाळ्यात तसाच भाजून निघतो. गाडीतून हे सगळं रान एकसारखं उजाड दिसतं. मेंढरांमागं चाललं की ते पावलागणिक बदलतं. आधी मुरमाड टेकाड, मग कुसळी गवताचा पिवळा पट्टा, मग हिवरा-बाभळीचा ओढा आणि खाली काळ्या रानात उभी ज्वारी. टेकाडावर धाविक पक्षी चार पावलं पळून थबकतो, पुन्हा पळतो. ओढ्याच्या काठाला खोकडाचं बीळ असतं. काळविटं सकाळी ज्वारीच्या कडेनं चरतात आणि उन्हं चढली की माळावर पांगतात. पश्चिमेला पाटोदा तालुक्यात मोरांसाठी नायगाव मयूर अभयारण्य आहे, १९९४ सालचं. लांडग्याचा संसार मात्र अशा उघड्या माळावरच चालतो.

मामांचा दिवस ठरलेला. सकाळी वाघर, म्हणजे मेंढरांभोवतीची जाळी, सोडायची, आजारी मेंढी मागं ठेवायची, दिवसभर रान धरायचं, सांजेला पाणी दाखवून परतायचं. रात्री ज्याच्या शेतात मेंढरं बसतात त्याला लेंडीखत मिळतं आणि मामांना पैसे किंवा धान्य.

दुपारी एक कोकरू मागं राहून डोकं झाडू लागलं. मामांनी ते दोन्ही गुडघ्यांत धरलं, पापणी अंगठ्यानं वर सारली. डोळा लाल, पाणी गळत होतं. बुबुळाच्या कडेला कुसळ रुतलं होतं, केसाएवढं. फेट्याचं टोक पाण्यात भिजवून त्यांनी पिळून बारीक केलं, श्वास रोखला आणि आतून बाहेर एकदाच फिरवलं. कुसळ फडक्याला चिकटून आलं. कोकरू आईकडं धावलं. मामांच्या हाताला लोकरीचा, दुधाचा, लेंडीचा वास राहिला. कोकराच्या डोळ्यासाठी एवढी निगा करणाऱ्या माणसाची सहा कोकरं गेली आहेत, हे मला तेव्हा जास्त लागलं.

“भरपाई मागितली का?” मी विचारलं.

“कशाची मागावी? पंचनाम्याला मेलेलं जनावर दाखवावं लागतं. कोकरू तर तोंडात धरून नेतंय त्ये.” थोड्या वेळानं म्हणाले, “त्यालाबी लेकरं हैत की. हिवाळ्यात पिलं असत्यात.”

हे नुसतं भाबडेपण नाही. लांडग्याची मादी हिवाळ्यातच विते, हे अभ्यासकही सांगतात. देशभरात भारतीय लांडगे उरलेत सुमारे तीन हजार. वन्यजीव कायद्यात त्यांना वाघाच्याच पहिल्या अनुसूचीत जागा आहे, पण रोजच्या जगण्यात त्यांना सांभाळण्याचा खर्च असे मामाच उचलतात. त्या खर्चाचं नाव सहा कोकरं.

माळ रिकामा दिसतो म्हणून त्याच्यावर सगळ्यांचा डोळा असतो. कुठं पवनचक्क्या, कुठं सौरपत्र्यांभोवती तारेचं कुंपण, कुठं गवत उखडून खणलेले चर आणि त्यांत लावलेलं गिरिपुष्प. वीज हवी, झाडंही हवीत. पण गवताच्या रानात खड्डे खणले की मेंढीचा चारा जातो, धाविकाची अंडी घालायची जागा जाते आणि लांडगा गावाकडं सरकतो. मग सहाची दहा कोकरं होतील, आणि तेव्हा मामांचा आवाजही असाच शांत राहील, ही अपेक्षा धरणं अन्यायाचं आहे.

म्हणून मागणं दोन गोष्टींचं आहे. लांडग्यानं उचलून नेलेल्या कोकराचीही भरपाई मिळावी. मेंढपाळाचा शब्द आणि माळावरच्या खुणा पुराव्याला पुरेशा मानाव्यात. आणि माळावर कुदळ मारण्याआधी तिथं मेंढरं राखणाऱ्यांना विचारावं. तो माळ कुणाकुणाचा आहे, हे त्यांना पाठ आहे.